आकाशाची वाट आणि वाटाड्याचा धर्म

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पेठ येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



ह्या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, संघटन, विवाहातील अनाठायी खर्च इत्यादी विषयांवर विद्वान वक्त्यांची भाषणे आपण ऐकत आलो आहोत. यंदा कार्यकारी मंडळाने आम्हांस बोलण्याची आज्ञा केली, आणि आम्ही ‘विमानप्रवासाची सुरक्षितता’ हा विषय सुचविला, तेव्हा चिटणीस क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहतच राहिले. ते म्हणाले, “गुरुजी, पेठेला अजून आगगाडी आली नाही, आणि आपण विमानाचे सांगणार?” शंका रास्त होती. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, तालुक्यातील शाळांतून मुलांना पाढे आणि भूगोल शिकविण्यात हयात घालविलेले. विमानशास्त्राचा आम्हांस अधिकार नाही. तथापि आपल्या ज्ञातीतील किती घरांतील मुलेमुली आज हैदराबाद, बंगळूर, दुबई आणि अमेरिका येथे नोकरीस आहेत, ह्याचा हिशेब आपण मनाशी करून पाहावा. आता ओझरच्या विमानतळामुळे विमान नाशिककरांच्या दाराशी आले आहे. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेस विमान कोसळून विमानातील व जमिनीवरील मिळून २६० माणसे गेली, तेव्हा आपल्याही अनेक घरांत त्या रात्री चूल पेटली नसेल. त्या दुर्घटनेच्या कारणांविषयी तर्क लढविणे हे आमचे काम नव्हे. परंतु झालेल्या अपघातांपासून जगाने काय धडा घेतला, आणि त्यातला आपल्या घरी, शाळेत व मंडळात उपयोगी पडणारा भाग कोणता, एवढे सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

आरंभी स्वतःचीच एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आषाढात, एका नातलगाच्या साखरपुड्यासाठी आम्ही सपत्नीक विमानाने मुंबईस येत होतो. मुंबईवर मुसळधार पाऊस होता. विमान अर्धा तास आकाशात घिरट्या घालीत राहिले आणि शेवटी अहमदाबादेस जाऊन उतरले. प्रवाशांनी एकच गिल्ला केला. कोणी हवाईसुंदरीवर ओरडू लागला, कोणी भरपाई मागू लागला. आम्हीही, मुहूर्त चुकला म्हणून, चार कठोर शब्द बोललो. ती पोर हात जोडून म्हणाली, “काका, कॅप्टन आपल्याच काळजीपोटी मुंबईस उतरले नाहीत.” आम्ही त्यावरही काही पुटपुटलो. पुढे ह्या विषयावरील पुस्तके व चौकशी अहवालांची वृत्ते वाचू लागलो, तेव्हा कळले की त्या दिवशी तिचेच म्हणणे बरोबर होते आणि आम्ही चुकत होतो.

प्रथम हवामानाचा विचार करू. पाऊस म्हणजे काय, हे पेठकरांस सांगण्याची आवश्यकता नाही. ज्येष्ठाच्या अखेरीस सह्याद्रीच्या माथ्यावर ढग उतरले की कोटंबीच्या घाटात दहा पावलांवरील माणूस दिसत नाही. पावसाळ्याचा हा दरारा विमानचालकांनी पहिल्या दिवसापासून ओळखला होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन मुंबईस जुहूच्या मैदानावर विमान उतरविले आणि आपल्या देशातील हवाई वाहतुकीचा पाया घातला. पण जुहूचे ते मैदान पावसाळ्यात चिखलाने भरून जाई, म्हणून पावसाचे महिने त्यांनी आपला तळ पुण्यास हलविला. निसर्गाशी हुज्जत न घालता त्याला वाट द्यावयाची, हा शहाणपणा त्या काळी त्यांनी दाखविला.

विमानाला खरा धोका पावसाच्या धारांपेक्षा गडगडाटी ढगांचा. आपल्या उष्ण प्रदेशात हे ढग पन्नास हजार फुटांपर्यंतही चढतात. प्रवासी विमान साधारणतः चाळीस हजार फुटांच्या आतबाहेर उडते, त्यामुळे त्याला अशा ढगावरून जाता येत नाही, तर वळसा घालूनच जावे लागते. ह्यासाठी विमानाच्या नाकात रडार बसविलेले असते. ढगाच्या पोटात गारा, वीज आणि वर-खाली धावणारे वारे असतात. त्याहून फसवा प्रकार जमिनीजवळ घडतो. ढगातून थंड हवेचा लोट एकाएकी खाली कोसळतो आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरतो. उतरणाऱ्या विमानाला आधी समोरून वारा लागतो, ते किंचित उचलले जाते. वैमानिकास वाटते की वेग भरपूर आहे, म्हणून तो इंजिनांचा जोर कमी करतो. पुढल्याच क्षणी तो वारा पाठीमागून लागतो आणि पंखांखालचा आधार निघून जातो. २ ऑगस्ट १९८५ रोजी अमेरिकेत डॅलस येथे असेच होऊन १३७ माणसे दगावली. त्यानंतर असा वारा आधी ओळखणारी उपकरणे विमानतळांवर आणि विमानांत बसविण्यात आली. धावपट्टीवर पाणी साचले की त्या पातळ थरावर चाके तरंगतात आणि ब्रेक लागत नाही, हे ओल्या डांबरी रस्त्यावर मोटारसायकल घसरलेल्या आपल्या तरुणांना वेगळे समजावून द्यावयास नको.

यास्तव नियम असा आहे की, विमानात केवळ मुक्कामापुरते इंधन असून भागत नाही. ठरलेल्या ठिकाणी उतरता आले नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याचे आणि त्यावर आणखी अर्धा तास घिरट्या घालण्याचे इंधन जवळ असावे लागते. आम्ही ज्या घिरट्यांवर रागावलो, त्या घिरट्या म्हणजे कोणा दूरदर्शी माणसाने आमच्यासाठी आधीच बांधून ठेवलेली शिदोरी होती!

आता आपल्या शेजारच्या डोंगरात घडलेल्या एका दुर्घटनेकडे वळू. ७ जुलै १९६२ ची मध्यरात्र. इटलीच्या ‘आलितालिया’ कंपनीचे डी. सी. ८ जातीचे जेट विमान सिडनीहून रोमच्या दीर्घ प्रवासास निघाले होते आणि बँकॉकहून मुंबईकडे येत होते. पावसाळी अंधारी रात्र, खाली सह्याद्री. मुंबई अजून सुमारे ऐंशी किलोमीटर दूर होती, परंतु वैमानिकाची समजूत अशी झाली की आपण मुंबईच्या अगदी जवळ आलो आहोत. त्याने विमान खाली आणण्यास सुरुवात केली. जुन्नर परिसरातील दवंड्याच्या डोंगराच्या माथ्याजवळ ते आदळले. विमानातील ९४ माणसांपैकी एकही वाचला नाही. चौकशीत असे दिसून आले की, यंत्रे बिघडली नव्हती, इंजिने चालू होती. वैमानिकाचा मार्ग व अंतर यांचा हिशेब चुकला. ठिकाण पडताळून पाहण्याची जी साधने उपलब्ध होती, त्यांचा त्याने उपयोग केला नाही. त्या प्रदेशासाठी ठरवून दिलेल्या किमान सुरक्षित उंचीच्या खाली तो उतरला, आणि ह्या डोंगराळ मुलखाची त्यास पुरेशी ओळख नव्हती.

बंधूंनो, ह्या घटनेवर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. शिवनेरीच्या छायेतील त्या डोंगररांगा तिथल्या गुराख्यास पाठ असतात. पण हजारो मैलांवरून आलेल्या, नकाशावर बोट ठेवून चाललेल्या माणसास तो केवळ काळोख होता. ‘आपण कोठे आहोत हे आपल्याला ठाऊक आहे’ ही खात्रीच त्याचा घात करून गेली. शंका आली असती तर तो वर राहिला असता. विद्यार्थ्याने गणित सोडविल्यावर ताळा करून पाहावा, असे आम्ही चौतीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो. ताळा न केल्याची किंमत परीक्षेत दोन गुण असते, तीच दवंड्याच्या डोंगरावर ९४ जीव ठरली. त्यानंतरच्या काळात, जमीन जवळ येऊ लागताच वैमानिकास मोठ्याने सावध करणारे यंत्र विमानांत बसविण्यात आले. हे यंत्र म्हणजे एक प्रकारे त्या गुराख्याचीच हाक होय.

दुसरी घटना मराठवाड्यातील. २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथील चिकलठाणा विमानतळावरून ‘इंडियन एअरलाइन्स’चे बोइंग विमान ११८ माणसांना घेऊन भर उन्हात निघाले. हवा तापली की ती विरळ होते, पंखांना आधार कमी मिळतो आणि उड्डाणास धावपट्टी अधिक लागते. विमान धावपट्टीच्या अगदी टोकापाशी जमिनीवरून सुटले. कुंपणाबाहेरून बीडचा रस्ता जात होता, आणि नेमक्या त्या क्षणी त्या रस्त्याने कापसाच्या गठ्ठ्यांनी भरलेला एक मालट्रक चालला होता. विमानाची चाके त्या ट्रकवर आदळली. विमान पुढे विजेच्या तारांना धडकून शेतात कोसळले. ५५ माणसे दगावली.

चौकशीने दोन कारणे सांगितली. विमान उचलण्यास वैमानिकांनी उशीर केला आणि त्यांची पद्धत चुकली, हे एक. विमानांच्या वेळेत त्या रस्त्यावरील रहदारीचे नियमन विमानतळाच्या व्यवस्थापनाने केले नाही, हे दुसरे. आगगाडी येण्यापूर्वी फाटक बंद करणारा गेटमन आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याचा पगार तो किती, आणि समाजात मान तो किती! पण बीडच्या रस्त्यावर त्या दुपारी एक गेटमन आपल्या जागी असता, तर पन्नासाहून अधिक घरे उजाड झाली नसती. मोठे अनर्थ बहुधा अशा लहान, रिकाम्या राहिलेल्या जागांतूनच शिरतात. आपापल्या घरांतील जी मुले ‘लहान नोकरी’ म्हणून खंत करतात, त्यांना ही हकीकत आवर्जून सांगावी.

आता ज्यास आम्ही शीर्षकात ‘वाटाड्या’ म्हटले आहे, त्या हवाई वाहतूक नियंत्रकाची ओळख करून देतो. विमानतळावर जो उंच मनोरा दिसतो त्यात, आणि त्याखेरीज बंद खोल्यांतून रडारच्या पडद्यांसमोर, ही माणसे बसलेली असतात. प्रवाशास ती कधी दिसत नाहीत. कोणते विमान किती उंचीवर राहील, कोण आधी उतरेल, कोण थांबेल, हे ती ठरवितात. एकमेकांवरून जाणाऱ्या दोन विमानांमध्ये साधारणपणे निदान हजार फुटांचे उभे अंतर राखावे लागते. नियंत्रकाने दिलेली आज्ञा वैमानिक जशीच्या तशी परत म्हणून दाखवितो आणि ती बरोबर ऐकली गेली की नाही, हे नियंत्रक तपासतो. आपल्या शाळांतून गुरुजींच्या मागून पाढे म्हणण्याची जी जुनी रीत होती, तिचेच हे रूप आहे. ‘ऐकले’ आणि ‘समजले’ ह्यांत अंतर असते, हे दोन्ही ठिकाणी ओळखले गेले आहे.

ही साखळी तुटली म्हणजे काय होते, हे १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरी येथे दिसले. दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे विमान चौदा हजार फुटांवर राहावयाचे होते आणि दिल्लीकडे उतरणारे कझाकस्तानचे विमान पंधरा हजारांवर. नियंत्रकाने समोरून विमान येत असल्याची सूचनाही दिली होती. परंतु कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली उतरले, आणि दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली. दोहोंतील सर्वच्या सर्व ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत कझाक विमानाच्या चालकवर्गाचा दोष दिसून आला, आणि परक्या भाषेतील सूचना नीट न उमजणे हे त्यामागचे एक कारण मानले गेले. त्या काळी दिल्लीच्या रडारवर विमान कोठे आहे हे दिसे, पण किती उंचीवर आहे हे दिसत नसे. पुढे उंची दाखविणारे रडार आले, आणि दोन विमाने जवळ येताच वैमानिकांना परस्पर सावध करणारे यंत्र आपल्या देशात सक्तीचे झाले. एवढे शहाणपण येण्यासाठी ३४९ माणसे जावी लागली, ही मनाला डाचणारी गोष्ट आहे.

परंतु केवळ यंत्रांनी प्रश्न सुटत नाही. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतील युबरलिंगेन गावावर दोन विमानांची टक्कर होऊन ७१ जीव गेले, त्यांत सहलीस निघालेली कितीतरी शाळकरी मुले होती. त्या रात्री स्वित्झर्लंडमधील केंद्रात एकच नियंत्रक दोन माणसांचे काम पाहत होता. त्याचा सहकारी विश्रांतीस गेला होता, टेलिफोन दुरुस्तीसाठी बंद होता. ज्याची पत्नी व दोन मुले त्या विमानात गेली, अशा एका शोकाकुल पित्याने २००४ साली त्या नियंत्रकाचा त्याच्या घरी जाऊन खून केला. पुढे २००७ साली न्यायालयाने त्या संस्थेतील चौघांना दोषी धरले. त्या पित्याचे दुःख कोणत्या शब्दांनी मोजावे? पण ज्याच्यावर त्याने शस्त्र उगारले, तो एकटा अपराधी नव्हता. एका माणसाच्या खांद्यावर दोघांचे ओझे ठेवणारी व्यवस्था त्याच्या पाठीशी उभी होती, आणि ती त्या दारात कोणास दिसली नाही.

म्हणूनच जगातील राष्ट्रांनी हवाई अपघातांच्या चौकशीसाठी एक तत्त्व मान्य केले आहे. चौकशीचा हेतू पुन्हा तसे होऊ नये हा असावा, कोणास फासावर चढविणे हा नसावा. ज्याच्या हातून अनवधानाने चूक झाली, त्याने ती निर्भयपणे सांगावी, कारण सांगितलेली चूक दुसऱ्याचा जीव वाचविते आणि लपविलेली चूक पुन्हा घडते. मात्र जाणूनबुजून केलेल्या बेपर्वाईस क्षमा नाही. नियंत्रकाचा धर्म ह्याच दोन काठांमधून वाहतो. थकलो असेन तर थकलो म्हणेन, कळले नसेल तर पुन्हा विचारीन, चुकलो तर लपविणार नाही, आणि पडद्यावरील प्रत्येक ठिपक्यात दीडदोनशे संसार आहेत हे विसरणार नाही.

ह्याच धर्माची दुसरी बाजू म्हणजे वडिलांनी धाकट्याचे ऐकणे. ७ ऑगस्ट २०२० रोजी केरळात कोझिकोड येथे भर पावसात एक विमान डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवरून पुढे घसरून दरीत कोसळले. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. कॅप्टन महाराष्ट्रीय होते, वायुदलात नाव कमावलेले आणि दीर्घ अनुभवाचे. अशा माणसाविषयी बोलताना जीभ जड होते. पण अहवाल सांगतो की, विमान धावपट्टीच्या जवळजवळ निम्म्यावर टेकले, आणि सहवैमानिकाने ‘पुन्हा वर चला’ अशी सूचना दिली होती. सकाळच्या दुसऱ्या उड्डाणासाठी तेथेच पोहोचण्याची ओढ आणि वैमानिकांची टंचाई ह्यांचाही उल्लेख अहवालात आहे. अनुभव, ओढ आणि घाई ही तिन्ही एकत्र आली म्हणजे थोर माणसालाही धाकट्याचा शब्द ऐकू येत नाही.

इतरांचे दोष सांगून झाले. आता आमचा सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी आम्ही तालुक्यातील एका पाड्यावरच्या शाळेत होतो. श्रावणात मुलांना क्रीडास्पर्धेहून परत आणीत असताना ओहोळाच्या फरशीवर घोटाभर पाणी होते. तेथलाच एक सातवीतला मुलगा आमचा सदरा ओढून म्हणाला, “गुरुजी, पाणी तांबडं झालंय. वर डोंगरात पाऊस झालाय. थांबून जाऊ.” आम्ही म्हणालो, “तू मला शिकविणार काय?” आणि चौदा मुलांची रांग घेऊन फरशीवर उतरलो. पाच-सात पावले गेलो असू, तोच पलीकडच्या काठावरील एका शेतकऱ्याने घोंगडी हलवून आरोळ्या ठोकल्या. आम्ही मागे फिरलो. शेवटचे मूल काठावर चढते न चढते तोच लोंढा आला आणि एक अख्खे झाड फरशीवरून वाहून गेले. कोणास इजा झाली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही नोंदवहीत लिहिले, ‘पावसामुळे परत येण्यास विलंब.’ त्या मुलाचे नाव लिहिले नाही, आमची चूक लिहिली नाही, फरशीवर धोक्याची पाटी हवी हेही लिहिले नाही. तीस वर्षांत ही गोष्ट आम्ही कोणास सांगितली नव्हती. आज ती आपणांसमोर सांगत आहोत.

तो मुलगा आज एस. टी.चा चालक आहे. गेल्या वर्षी भेटला, तेव्हा आम्ही ती आठवण काढून त्याची क्षमा मागितली. तो संकोचाने हसला आणि म्हणाला, “गुरुजी, फरशीवर पाणी असलं की मी गाडी घालत नाही. मागं प्रवासी कितीही ओरडले तरी.” आम्हांस विमानातील तो गिल्ला आठवला. ओरडणाऱ्यांत आम्हीही होतो!

ज्ञातिबांधवहो, ह्यावरून मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, लग्नसराईत व मेळाव्यांस जाताना मुहूर्तासाठी गाडीच्या चालकास कोणीही घाई करू नये. धुक्यात तो थांबला तर त्याचे आभार मानावे. अक्षता अर्धा तास उशिरा पडल्याने संसार बिघडत नाही. दुसरी, घरात व मंडळात लहानाने धोका दाखविला तर त्यास गप्प करू नये, आणि आपण होऊन चूक कबूल करणाऱ्यास अपमानित करू नये. मंडळाच्या हिशेबासही हा नियम लागू पडेल. तिसरी, आपल्या गुणवंत मुलामुलींनी हवाई वाहतूक नियंत्रकाच्या सेवेचा विचार करावा. पदार्थविज्ञान व गणित घेतलेल्या विज्ञान पदवीधरांना, तसेच अभियंत्यांना, भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या स्पर्धा परीक्षेतून ह्या सेवेत प्रवेश मिळतो. पेठसारख्या गावच्या मुलास ही वाट परकी वाटावयास नको. ढग पाहून पाऊस ओळखणारी आणि पाण्याचा रंग पाहून लोंढा ओळखणारी नजर त्याच्यापाशी जन्मतःच आहे. तिला गणिताची व इंग्रजीची जोड देणे हे आपले काम. मंडळाच्या शिष्यवृत्तीतील एक जागा ह्यासाठी राखावी, अशी आमची विनंती आहे, आणि आमच्या निवृत्तिवेतनातून तिच्यासाठी आरंभीची रक्कम देण्याचे आम्ही आज कबूल करतो.

 परतीच्या वाटेवर घाटात धुके असेल. सावकाश जावे.